मी जयवंतीचा गाऊन

मित्रांनो, मी एक जुना गाऊन आहे. हसलात ना? हसा, मला सवय आहे. छत्रीचं मनोगत तुम्ही वाचलं असेल, खुर्चीचं वाचलं असेल. गाऊनला मात्र कुणी बोलतं करत नाही, कारण चार लोकांत आमचं नाव काढायची पद्धत नाही. दारावरची बेल वाजली की बायका आधी आमच्यावर ओढणी टाकतात आणि मगच कडी काढतात. त्यामुळे लाज ही आम्हाला शिवणीतूनच मिळालेली असते. माझ्या वाट्याला ती जरा जास्तच आली.

सत्त्याण्णव साल असावं. वसई स्टेशनजवळच्या बाजारात उरलेल्या तुकड्यांच्या ढिगात मी पडून होतो. जांभळं सुती कापड आणि त्यावर पिवळी फुलं, अगदी डोळ्यांत भरणारी. जयवंतीने मला उचललं, उजेडात धरून पाहिलं आणि पिशवीत कोंबलं. घरी तिचं शिवणयंत्र होतं. गाऊनला गळ्याशी लेस लावतात, ती तिने लावली नाही. उजव्या बाजूला खोल खिसा मात्र लावला. शिवताना तिने खोलीचं दार आतून लावून घेतलं होतं. लेकरू जन्माला येताना आईने दार लावावं, यात नवल नाही. पण नंतरही तिने ते माझ्यासाठी कधी उघडलं नाही.

त्याचं कारण सांगतो. जयवंतीचा नवरा सदानंद मुंबईच्या एका कंपनीत कारकून होता. कंपनी बंद पडली. मग दुसरीकडे कुठेतरी चिकटला, पण पहिल्यासारखं काही राहिलं नाही. वसई पूर्वेला त्यांचा स्वतःचा ब्लॉक होता, मुलगी संपदा आठवीत होती आणि इमारतीत त्यांचा मान होता. तो मान जाऊ द्यायचा नव्हता. म्हणून जयवंतीने सातिवलीला नकली दागिन्यांच्या एका गाळ्यात काम धरलं आणि इमारतीत सांगितलं की मी शिवणक्लासला शिकवायला जाते. संपदालाही तेच सांगितलं. सदानंदला खरं माहीत होतं, पण तोही पेपरात डोकं घालून गप्प बसायचा.

गाळ्यात बायका जमिनीवर बसून बांगड्यांना आणि कानातल्यांना खडे चिकटवायच्या. पहिल्या दिवशी जयवंती खळ घातलेली साडी नेसून गेली. दुपारपर्यंत तिच्या पदराने खड्यांचं अख्खं ताट लवंडलं. सगळ्यांवर देखरेख करणारी थेरेसा पाचूबंदरची, कोळ्याची बायको. तिने खडे गोळा करायला हातभार लावला आणि म्हणाली, "पदर सांभाळशील का खडे लावशील? उद्यापासून गाऊन आन. इथं कोन बघतंय?"

त्याच संध्याकाळी तिने मला शिवलं. खरंच तिथे कुणी बघत नव्हतं. मालक हार्दिकशेठ. त्यांना माल वेळेवर मिळाल्याशी मतलब, अंगात काय घातलंय याच्याशी नाही. एक जण साडीवर नवऱ्याचा शर्ट चढवायची, एक मुलीचा जुना पंजाबी ड्रेस घालून यायची, थेरेसा फ्रॉकवर गोणपाटाचं फडकं बांधायची. मला तिथे कुणी हसलं नाही. पहिल्या दिवसापासून मी ओढणीशिवाय बसलो.

ती वर्षं माझी सुखाची. सकाळी जयवंती साडी नेसून, पर्स अडकवून इमारतीतून निघायची. गाळ्यात आल्यावर खोक्यांच्या चळतीमागे जाऊन साडी सोडायची आणि मला घालायची. त्याबरोबर बाईच वेगळी व्हायची. मांडी घालून बसायची, मोठ्याने हसायची, खिशातून चिमटा काढून भराभरा खडे बसवायची. "हिचा हात बगा," असं थेरेसा नव्या पोरींना सांगायची, तेव्हा जयवंतीच्या अंगाला जे गोड कापरं भरे ते मला आतून कळायचं. गोंदाचे थेंब माझ्यावर पडून कडक व्हायचे. मला ते डाग मिरवावेसे वाटत. दुपारी दोघी एकमेकींच्या डब्यातलं खायच्या. जयवंतीची भेंडीची भाजी थेरेसाला आवडायची आणि थेरेसाचं सुक्या बोंबलाचं कालवण जयवंती बोटं चाटून खायची.

एकच दुःख होतं. शिवून झाल्यावर मी पुन्हा कधी घरी गेलो नाही. गाळ्यामागच्या नळावर मला धुवायचे आणि तिथल्याच तारेवर वाळत घालायचे. संपदाला मी फक्त तिच्या आईच्या बोलण्यातून ओळखत होतो. तिला गणितात किती मार्क पडले, तिला कुठली भाजी आवडत नाही, हे मला पाठ होतं. तिला मात्र मी आहे हेच माहीत नव्हतं.

मग एका संक्रांतीला हार्दिकशेठ पतंगांसाठी गावी सुरतेला गेले आणि गाळा बंद राहिला. मी तारेवरच विसरलो गेलो होतो. थेरेसाने मला पाहिलं आणि पाचूबंदरला घरी नेलं. गोंदाचे डाग तिने रसायनाने खरवडून काढले, सुटलेल्या काजाला टाका घातला आणि छान घडी केली. मला वाटलं, आता आपण पुन्हा तारेवर जाणार. पण तिने मला पिशवीत घातलं, शेजारी सुक्या बोंबलांचा पुडा ठेवला, आणि पत्ता विचारत विचारत थेट जयवंतीच्या इमारतीत आली. मी घरी चाललो होतो! पिशवीत मला आनंद मावत नव्हता.

दार संपदाने उघडलं. आत हळदीकुंकू चाललं होतं. सतरंजीवर ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या बायका बसल्या होत्या आणि जयवंती प्रत्येकीला वाण म्हणून स्टीलची वाटी देत होती. थेरेसाला पाहून तिचा हात वाटीवरच राहिला. थेरेसाला त्याचा पत्ता नव्हता. तिने हसत मला पिशवीतून काढून उलगडलं आणि म्हणाली, "डाग निघाले बग सगळे."

खोलीत बोंबलांचा वास पसरला. तिसऱ्या मजल्यावरच्या सामंतवहिनींनी नाकाला रुमाल लावला आणि विचारलं, "कुणाचा गं हा गाऊन?"

मित्रांनो, त्या क्षणी मी जयवंतीकडे पाहत होतो. मला पक्कं ठाऊक होतं ती काय सांगणार. तिनेच मला शिवलं होतं.

"तिचाच," जयवंती म्हणाली. "भांड्यांना बाई बघतेय मी, तिला बोलावलं होतं. संपदा, हिच्या हातावर दोन लाडू ठेव."

संपदाने तोवर थेरेसासाठी वाटी उचलली होती. आईच्या नजरेने तिने ती परत ठेवली आणि लाडू दिले. थेरेसाने क्षणभर जयवंतीकडे पाहिलं. मग मला गोळा करून काखेत मारलं आणि म्हणाली, "हो बाई, माझाच हाय. चुकून बाहेर निघाला." किती जणींना ते पटलं देव जाणे, पण सगळ्यांनी पटल्यासारखं केलं. थेरेसा जिना उतरली. लाडू तिने खाल्ले नाहीत, फाटकापाशी खेळणाऱ्या मुलांना देऊन टाकले. मी तर मेल्याहून मेल्यासारखा झालो होतो.

गाळा उघडला त्या दिवशी थेरेसा मला अंगात घालून आली. खांद्यात मी तिला आवळत होतो, तरी ती दिवसभर तशीच बसली. समोर जयवंती साडीत, पदर पोटाशी कोंबून. दुपारी ती हळूच म्हणाली, "थेरेसा, माझा गाऊन दे ना."

थेरेसाने हातातली बांगडी पुरी केली. "इथं तुझा, आनि तुझ्या घरी माझा? आदी ठरव, मग ने."

जयवंतीने काही ठरवलं नाही. दुसरा गाऊनही शिवला नाही. गाळा बंद होईपर्यंत ती साडीतच खडे लावत राहिली आणि तिचा हात पहिल्यासारखा चालला नाही. थेरेसाने तिला कधी वाईट बोल लावला नाही, पण डबे वेगवेगळे उघडू लागले. एकाच खोलीत बसून दोन बायका एकमेकींपासून किती लांब जाऊ शकतात, ते मी थेरेसाच्या अंगावरून पाहिलं. गाळा गुजरातला गेला तसं दोघींचं भेटणंच संपलं.

पुढे थेरेसा वसई रोडला मासे विकायला बसू लागली. मी विरत गेलो. माझ्या बाह्यांची फडकी झाली, खालच्या घेराने जाळ्याच्या गाठी पुसल्या, आणि उरलेल्या पाठीची चौघडी करून तिने दाराशी पायपुसणं म्हणून टाकली. त्याचं मला वाईट वाटलं नाही. सुती कापडाचा शेवट असाच होतो आणि तो वाईट नाही.

एक दिवस बाजारातून परतल्यावर थेरेसा बहिणीला, लुईझाला, दारातच सांगत होती. जयवंती भेटली होती. संपदा शिकून पवईला एका कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली होती. जयवंतीच्या तोंडून नुसती स्तुती चालली होती. तिथे म्हणे कपड्यांचं काही बंधन नाही, जीन्स घाला, टी-शर्ट घाला, चपला घालून या, कुणी विचारत नाही. एवढी मोठी कंपनी आहे ती! इमारतीत तर ती हे सगळ्यांना सांगत होती.

"आपल्या गाळ्यात पन कुठं होतं बंधन?" थेरेसा म्हणाली. लुईझा खो खो हसली. थेरेसा हसली नाही.

त्यानंतर वर्षभरात जयवंती पाचूबंदरला आली. संपदाचं लग्न ठरलं होतं, तिच्याच कंपनीतल्या कौस्तुभशी. तो गाडी घेऊन आला होता, पण गल्लीत दोन्हीकडे मासळी वाळत घातलेली, म्हणून गाडी लांब लावून तोही मागून चालत येत होता. जयवंतीच्या हातात पत्रिका होती. सोबत संपदा, जीन्स आणि बिनबाह्यांच्या टी-शर्टमध्ये. थेरेसा दारात आली. "ये," एवढंच म्हणाली.

जयवंतीने चप्पल काढली, पाय उचलला आणि खाली पाहिलं. पिवळी फुलं अजून थोडी ओळखू येत होती. उचललेला पाय तिने मागे घेतला. मग खाली वाकून तिने मला दोन्ही हातांनी उचललं आणि मला कितीतरी वर्षांनी तिची बोटं लागली.

"संपदा, हा माझा गाऊन आहे," ती म्हणाली. आवाज मोठा आणि स्पष्ट होता. "शिवणक्लास कधीच नव्हता. हा घालून मी सातिवलीला खडे लावायचे. तेव्हा हळदीकुंकवाला थेरेसा माझ्याचसाठी घेऊन आली होती, आणि मी तिला भांडीवाली म्हटलं."

थेरेसाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने जयवंतीचा हात धरला. मी वाट पाहत होतो ती मुलीच्या बोलण्याची. मार्क, आवडीनिवडी, सगळं मला पाठ असलेली ती मुलगी.

संपदाने आधी मागे वळून पाहिलं. कौस्तुभ दोन घरांवर येऊन पोचला होता.

"आई," ती दबक्या आवाजात म्हणाली, "हळू बोल ना."

मित्रांनो, आमच्यावर पाय पुसा, आमची फडकी करा, आमची ना नाही. एवढंच सांभाळा: ज्या कपड्यात तुमच्या आईने कष्ट केले तो कुणाचा असं कुणी विचारलं, तर तिचं नाव सांगा. आणि ती स्वतः सांगत असेल, तर तिला हळू बोलायला लावू नका.