पारक्या हाताची किल्ली

घरात भांडण झालं की थोरली आणि धाकटा जिन्यात कोर्ट भरवायचे. थोरली सोळाची, धाकटा तेराचा. न्यायाधीश धाकटा, कारण थोरलीला वकिली केल्याशिवाय चैन पडायचं नाही. कायदा एकच: ज्याने आधी आवाज चढवला तो दोषी. आता अशा कायद्यात कोण सापडणार हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? दर खेपेला आईच!

बाबा किल्लीवाले. वरच्या पट्टीत बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. दाराबाहेर अडकलेल्या म्हाताऱ्यांना कुलपं उघडून द्यायचे, वर म्हणायचे, "होतं असं, आजी." गल्लीच्या लेखी हा माणूस म्हणजे गरीब गाय. आई सोफ्यांची कव्हरं शिवायच्या कारखान्यात. "हातात सुई, तोंडातही सुई," असं थोरली म्हणायची आणि धाकटा फिदीफिदी हसायचा.

शाळा सुटली की दोघं दुकानात जात आणि सातला बाबांबरोबर घरी येत. महिन्यातून दोन-तीनदा तरी आई दाराबाहेर उभी दिसायची. पाच वाजल्यापासून. हातात भाजीच्या पिशव्या, आणि किल्ली कुलपात काही केल्या फिरत नाही. शेजारच्या काकू दाराच्या फटीतून बघत. बाबा हसत हसत आपली किल्ली लावायचे, दार लगेच उघडायचं.

"अगं, पुन्हा जुनी किल्ली घेऊन गेलीस? डोकं कुठे असतं तुझं?"

मग आई जी सुटायची! "काल हीच लागली होती! हीच!" सगळा जिना दणाणायचा. निकाल ठरलेला: आई दोषी, शिवाय विसरभोळी.

त्या शनिवारी आई अर्ध्या दिवसाच्या कामाला गेली होती. थोरलीला सेफ्टीपिन हवी होती म्हणून तिने कपाटातल्या जुन्या पर्समध्ये हात घातला, तर अस्तराच्या आत काहीतरी टोचलं. किल्ली. नवी कोरी. थोरली अकरा वर्षांची असल्यापासून बाबांच्या टेबलाशी बसत आलेली. किल्ली कापून झाली की बाबा कडांवरून कानस फिरवायचे, बोटाला लागू नये म्हणून. हिच्या कडा खरखरीत होत्या. ही पारक्या हाताची. किल्लीवाल्याची बायको दुसऱ्याकडून किल्ली करून घेते! सोबत कागदाचा बिल्ला, आणि त्यावर पत्ता, पलीकडच्या वस्तीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीचा.

लगेच कोर्ट भरलं.

"हिचं बाहेर कुणीतरी आहे," थोरली म्हणाली.

धाकट्याचं तोंड एवढंसं झालं. "बाबांना सांगायचं?"

"मग काय लपवायचं? बिचारे बाबा!"

दुकानात बाबांनी पत्ता दोनदा वाचला. चिडले नाहीत, दुखावल्यासारखेही दिसले नाहीत. थोरलीला वाटलं होतं ते खाली बसतील, डोळे पुसतील, आणि ती त्यांच्या खांद्यावर हात ठेवेल. त्यातलं काहीच झालं नाही.

"शाबास. हुशार गं माझी पोर," ते म्हणाले. "हिची एक डुप्लिकेट काप बरं. तूच काप. आता हात बसलाय तुझा."

शाबासकी मिळाली की पोर फुलते, तशी ती फुलली. किल्ली एकदाही न चुकता कापली. कडा मात्र बाबांनी स्वतः घासल्या, बराच वेळ, गुणगुणत.

"मूळची जिथे होती तिथे ठेवून ये. आईला बोलू नकोस हं, उगाच मनाला लावून घेईल. आणि वरच्या खणातून एक कडी दे."

तिने घाईत खालचा खण ओढला. आत फडक्यावर दाराच्या कुलपांची तीन पितळी सिलिंडरं, किल्ली ज्यात फिरते ते गाभे, ओळीने ठेवलेली, प्रत्येकाला किल्ल्या बांधलेल्या. वर चिकटपट्ट्या, बाबांच्या सुबक अक्षरात: घर १, घर २, घर ४. तिसरं नव्हतं. तिसरं आज त्यांच्या दाराला होतं.

आई कधीच काही विसरली नव्हती. हा माणूस कुलूप बदलत होता, आणि सात वाजता पोरांना घेऊन तमाशा बघायला येत होता.

"सापडली का?" बाबांनी विचारलं.

"सापडली." तिने खण लोटला, वरच्या खणातली कडी त्यांच्या हातात दिली आणि निघाली. धाकटा काउंटरवर पाय हलवत बसला होता. त्याला हाक मारायचं तिला सुचलंच नाही.

घरी पोचेपर्यंत आई आली होती. थोरलीला एकटीला बघून तिने दार लावलं आणि तिचे दोन्ही हात धरले.

"बरं झालं एकटी आलीस. नीट ऐक. सोमवारी शाळा सुटली की दुकानात जायचं नाही. मी खोली घेतलीय. तुम्हा दोघांना खिडकीजवळ पलंग, मी स्वयंपाकघरात झोपेन. त्यांना पत्ता लागणार नाही, कुण्णाला सांगितलं नाहीये मी."

थोरलीने मूठ उघडली. किल्ली बघून आईचे ओठ पांढरे पडले. थोरलीने सगळं सांगितलं, खणातलंसुद्धा. सांगता सांगता ती रडायला लागली आणि रडता रडता ओरडली, "मला आधी का नाही सांगितलंस? तू सांगितलं असतंस तर मी कशाला गेले असते? तुझ्यामुळेच झालं हे!"

"हो गं," आई म्हणाली. "चुकलंच माझं. रडू नकोस. धाकटा कुठाय?"

"दुकानात."

तेवढ्यात आईचा फोन वाजला. बाबांचा आवाज थोरलीलाही स्वच्छ ऐकू आला, नेहमीसारखा मऊ.

"अगं, आज दुकान लवकर बंद केलंय. धाकट्याला घेऊन एक खोली बघायला चाललोय, तिसऱ्या मजल्यावर. तू येतेस ना?"

"येते," आई म्हणाली. "त्याला काही बोलू नका. मी येते."

तिने चपला पायात सरकवल्या. "माझ्या मागे यायचं नाही," एवढंच थोरलीला बजावून ती जिना उतरायला लागली. थोरली पळत जाऊन शेजारच्या काकूंचं दार बडवायला लागली, दोन्ही हातांनी. आत टीव्हीचा आवाज चालू होता. तो कुणीतरी बारीक केला, पण दार काही उघडलं नाही.