बाबांची नावडती बाजू

ताटातली कारल्याची भाजी बाबा सर्वांत आधी खात. पोळीचा पहिला तुकडा तिच्याबरोबर, ती संपेपर्यंत दुसऱ्या कशाकडे वळत नसत. त्यामुळे वाशीममधल्या साऱ्या नातेवाइकांची खात्री होती की उत्तमराव वकिलांना कारलं फार आवडतं. जेवायला बोलावणारा प्रत्येक जण आवर्जून तेच करी.

बाबांना जाऊन आता चार वर्षं झाली. अकोल्याच्या कोर्टात ते सरकारी वकील होते. लोक अजून त्यांच्या खटल्यांच्या आठवणी काढतात. मला आठवतं ते हे ताट. कारण कारलं त्यांना मुळीच आवडत नसे, आणि हे मला पंचविसाव्या वर्षी, आई गेल्यावर कळलं.

सांगितलं सीताआत्याने. ती बाबांची धाकटी बहीण. विधवा झाल्यापासून आमच्याकडेच होती. मी भाजी चिरत होते.

"कायले एवढी कारली चिरून राह्यली वं रुख्मे? दादाले लहानपणापासून कारलं पाह्यलं का शहारे येतात."

"मग आधी तेच काहून खातात?"

"नावडतं आधी. त्याचं सारंच तसं हाय. तुह्या मायले मालूम होतं."

"सारंच म्हणजे?"

"आता सारंच म्हणजे सारंच. तू कॉलेजात शिकली, तूच पाह्य."

मी नागपूरला रसायनशास्त्र शिकले होते. एका निरीक्षणावरून नियम बांधू नये, हे तिथे पहिल्याच महिन्यात शिकवतात. पण तेव्हापासून मी जुन्या गोष्टी पुन्हा पाहू लागले.

आमच्या घरी एक पद्धत होती. कोणाचं लग्न असो की शाळा बदलणं, विषय रविवारी दुपारी बैठकीत निघायचा. बाबा त्यातली एक बाजू घेऊन अशी मांडत, की ऐकणाऱ्याला दुसरी बाजू आहे असंच वाटू नये. आई समोर ज्वारी पाखडत बसलेली असे. शेवटी ती सूप खाली ठेवी.

"झालं तुमचं? मग उलट करू."

आणि तसंच होई. बाबा उठून पाणी पीत, एक शब्द बोलत नसत. 'कोर्टात वाघ, घरात शेळी' असं लोक त्यांच्याबद्दल म्हणत, आणि आईबद्दल त्याहून वाईट.

माझ्या मनात आता वेगळीच शंका आली होती. ती दिवाळीत माझा मोठा भाऊ रामकिसनदादा अकोल्याहून आला तेव्हा मी त्याच्याजवळ काढली. दादाही वकील, पण त्याचं मन कधी त्या धंद्यात रमलं नाही.

"तुले शेती कराची होती ना? मग वकील काहून झाला?"

"बाबांनी केलं. आपल्या रिठदच्या शेतात राहतो म्हणालो, तं शेतीविरुद्ध अख्खी दुपार बोलले. भुईसपाट केलं मले. मंग घातला काळा कोट."

"आणि आई? ती काय म्हणाली?"

"आई कुठं होती? मावशीच्या बाळंतपणाले आसेगावले गेली होती."

"मग बाबांनी काय केलं?"

दादा हसू लागला. "तेच तं समजत नाई. दुसऱ्या दिवशी रिठदले गेले. शेतावरच्या नथ्थूनं मले लई वर्षांनी सांगितलं, माह्यासाठी बैलजोडी आधीच पाहून ठेवली होती म्हणे. ते बोलणं मोडाले गेले होते. असा माणूस पाह्यला का तू? बैलही पाहते अन् शेतीही नको म्हणते."

माझ्याकडे पाहता पाहता त्याचं हसू थांबलं.

"म्हणजे त्याह्यले मी शेतीच करावी वाटत होतं?"

"आई असती तर उलट करू म्हणाली असती."

तो बराच वेळ हातातल्या टोपीची घडी करत बसला.

मी हे सारं उगाच शोधत नव्हते. नागपूरच्या कॉलेजात मला प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटरची जागा मिळत होती. आई गेल्यापासून मी वाशीमला घर सांभाळत होते, आणि कॉलेजला दोनदा 'कळवते' म्हणून मोकळी झाले होते. आता सुट्टी संपायच्या आत हो किंवा नाही सांगायचं होतं. ती जागा मला हवी होती. पण बाबा थकले होते, आत्याचे गुडघे धरत होते. बाबांना काय हवं, हे कळल्याशिवाय मला पाऊल उचलवत नव्हतं.

रविवारी दुपारी मी विषय काढला. बाबा मी जाण्याच्या बाजूने बोलले. शिक्षण वाया घालवणं, बापाच्या म्हातारपणाचं ओझं मुलीने का वाहावं, आत्या आहे, दादा अकोल्यालाच आहे. त्यांनी एकही फट ठेवली नाही.

"मिटलं मंग," आत्या म्हणाली. "तुहा बापच जा म्हणून राह्यला."

रामकिसनदादाने माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, ही बाजू झाली. तुमचं मत काय?"

बाहेरून सरकी काढायच्या गिरणीकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या एकामागून एक गेल्या.

"माहं मत कायले पाह्यजे?"

"आईले मालूम राह्यचं. मले नाही."

"राह्य म्हणतो मी," ते हळू म्हणाले. "तू गेली का या घरात माह्याशी वाद घालाले कोणी नाई. सीता तं सगळ्यालेच हो म्हणते."

"हो," आत्या म्हणाली.

"मग जा काहून म्हणाले?"

"पोरी, समोरचा वकील कच्चा असला, का जिंकलेल्या खटल्याचीही मले लाज वाटे. घरात तं समोर वकीलच नाई. बापाची इच्छा बिनविरोध पास होते. मंग तिच्याविरुद्ध मीच उभा राह्यचो. फैसला तुही माय द्यायची."

"अन् माह्या वेळेस?" दादाने विचारलं.

बाबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुह्या वेळेस न्यायाधीश गावाले गेला होता. तहकूब कराले पाह्यजे होतं. तू पहिल्या युक्तिवादालेच मान टाकशीन, असं नव्हतं वाटलं. चूक माही."

दादाने हातातली टोपी खाली ठेवली.

"वहिनी असती तं आता उलट करू म्हणाली असती," आत्या म्हणाली. "मंग राह्यते ना पोरगी?"

बाबा माझ्याकडे पाहत होते. त्यांची इच्छा मला आता कळली होती, आणि तिच्याविरुद्ध त्यांनी जे मांडलं होतं तेही. मी दोन्ही पुन्हा एकदा मनात तोलून पाहिलं. युक्तिवादात मला खोट सापडेना.

"बाबा," मी म्हणाले, "मी नागपूरला जाते."