बैलाला नसलेलं हाड

"चुडामण, या बैलाचं कॉलरबोन कुठे गेलं?" सांगाड्याभोवती दोन चकरा मारून योगराज सरांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजात तपासणीची कमिटी येणार होती.

"सर, बैलाला ते नसतंच. पुढचे पाय नुसत्या मांसाने धडाला धरलेले असतात. माणसाला असतं, माकडाला असतं, वटवाघळालासुद्धा असतं."

"मला शिकवतोस?"

सरांची डॉक्टरेट कपाशीवरच्या बोंडअळीवर. अळीला कसलं आलंय डोंबलाचं हाड! मी प्रयोगशाळेतला शिपाई, पण हा बैल माझ्या मामाचा. म्हातारा होऊन मेला, तेव्हा मामाच्या शेतात वर्षभर पुरून ठेवला. मग हाडं उकरली, सोड्याच्या पाण्यात उकळली, आणि सुट्ट्यांच्या दिवशी येऊन तारेने एकेक जोडत सात महिने घालवले. सत्तावीस वर्षं पोरं त्याच्यावर शिकली. सांगाड्याच्या पाटीवर मात्र नुसतं 'प्राणिशास्त्र विभाग'.

"शेजारचा माणसाचा सांगाडा बघ आणि तसंच प्लास्टरचं करून लाव," सर म्हणाले. "मग पाटीवर तुझं नाव घालू. या महिन्यात रिटायर होतोयस ना?"

झालं, तिथेच मी विरघळलो. नावासाठी माझ्याच बैलाच्या छातीवर खोटं हाड चिकटवलं, आणि मेलं असं हुबेहूब जमलं की माझी मलाच लाज वाटली.

सकाळी डबा देताना बायको, कमलबाई, म्हणाली, "आज तरी लागी का तुमना नावनी पाटी?"

कमिटीतल्या बाई नेमक्या बैलापुढे थांबल्या. "बैलाला कॉलरबोन? कोणी केलं हे?"

"हा आमचा शिपाई, चुडामण," सर हसून म्हणाले. "अडाणी माणूस. स्वतःच्या डोक्याने काहीतरी करत बसतो."

सगळे हसले. खरं काय ते ओठांवर आलं होतं. पण माझ्या निवृत्तीच्या कागदांवर सरांची सही व्हायची होती. मीही हसलो. थू माझ्या जिनगानीवर!

कमिटी गेल्यावर ते हाड उचकटायला बसलो. पक्कं बसवलं होतं. निघताना छातीच्या खऱ्या हाडाचा टवका घेऊनच निघालं.

घरी कमलबाई दारातच उभी. "काय व्हयनं? लिधं का तुमनं नाव?"

"लिधं," मी म्हणालो. "बठ्ठासना समोर लिधं." सगळ्यांसमोर नाव घेतलं, हे काही खोटं नव्हतं.

ती हरखली. डोक्यावरचा पदर सारखा करत शेजारच्या ताईबाईंना सांगायला लगोलग निघाली. मी तिला थांबवलं नाही.