रिकामी सीट

"आधी खाली उतर," मी मेहुण्याला म्हणालो. "मी काम करताना ड्रायव्हर गाडीत नको, हे तुला किती वेळा सांगायचं?"

तो उतरला. सकाळचे साडेनऊ झाले होते. अकरा वाजता साहेबांसमोर त्याची चौकशी होती, आणि तिथून तो नोकरी शाबूत घेऊन येईल असं आमच्या रुग्णवाहिकांच्या आवारात कुणालाच वाटत नव्हतं. आठवड्यापूर्वी एका म्हाताऱ्या गृहस्थांना आणायला निघाला, तर पुढे पूल बंद. मोबाइलला रेंज नाही. कंट्रोल रूमनं सहा वेळा हाक मारली, याचं उत्तर नाही. शेवटी दुसरी गाडी धाडली. ती पोचेपर्यंत गृहस्थ गेले होते. मेहुण्याचं म्हणणं एकच, की ऐकू सगळं येत होतं, पण बोलायला बटण दाबलं की रेडिओ मरायचा.

हेच रडगाणं त्यानं आधी तीनदा गायलं होतं. रेडिओ दुरुस्तीचं काम माझं; तीनही वेळा मी तपासून वहीत लिहिलं, 'रेडिओ ठीक'. बायकोचा भाऊ म्हणून पाठीशी घालतोय असं कुणी म्हणू नये, म्हणून त्याच्याशी मी जरा जास्तच कडक वागायचो. खरं सांगायचं तर, तो कामचुकार आहे हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आज डबा हातात देताना बायको एवढंच म्हणाली, "चौथ्यांदा बघाल का?"

म्हणून बघत होतो. दारात उभा राहून हात आत घातला, बटण दाबलं. रेडिओचा दिवा लागलेलाच राहिला. कंट्रोल रूममधल्या ताई म्हणाल्या, "आवाज स्पष्ट येतोय." फ्यूज पाहिला, बॅटरीला मीटर लावला. सगळं जिथल्या तिथं. माझा पारा चढला.

"कुठे मरतोय? दाखव मला."

"भाऊजी, मी बसून दाबू का?"

"तू बसलास म्हणजे काय वेगळी वीज येणार आहे?"

"एकदाच."

तो बसला. शंभर किलोंचा गडी, सीट करकरली. त्यानं बटण दाबलं आणि दिवा विझला. सोडलं, लागला. पुन्हा दाबलं, पुन्हा विझला.

मी वाकून सीटखाली पाहिलं. रेडिओची, गाडीच्या पत्र्याला जोडायची काळी वायर मी स्वतः सीटच्या बोल्टखाली दाबली होती, आणि तीही वीज अडवणारा पत्र्यावरचा रंग न खरवडता. त्या दिवशी घाई होती, बोल्ट हाताशी होता. ऐकायला वीज नखभर लागते, बोलायला कितीतरी पट. याचा भार पडला की सीट हलायची आणि वायरचं टोक जेमतेम टेकलेलं राहायचं. आणि मी शहाणा, दर वेळी याला उतरवून तपासत होतो.

मी गुडघ्यावर बसलो, पत्रा लख्ख खरवडला, वेगळा बोल्ट ठोकून वायर आवळली. मेहुण्यानं बसून बटण दाबलं. दिवा विझला नाही. ताई म्हणाल्या, "बोला."

मी वही उघडली तसा तो जवळ आला. "भाऊजी, वायर आपोआप सैल झाली असं लिहा. दोघंही सुटू."

लाज वाटली मला, त्याच्याकडे बघवेना. मी लिहिलं, 'वायर चुकीच्या जागी मी जोडली. तक्रार खरी होती. तीनही वेळा रिकाम्या सीटवर तपासलं.' खाली सही केली.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मेहुण्याला म्हणाले, "तू ड्युटीवर जा." मग माझ्याकडे वळले. "तुमचं नंतर बघू. त्या गृहस्थांची मुलगी बाहेर बसली आहे. तिला हे तुम्हीच सांगा."

ती बाकावर होती, माझ्या थोरलीच्या वयाची. मी सगळं सांगितलं, काही झाकलं नाही.

"आता दुरुस्त झालं?" तिनं विचारलं.

"हो."

"किती वेळ लागला?"

दोन तास म्हणावं असं फार वाटलं.

"दहा मिनिटं," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, आणि पिशवीतून काढलेला वडिलांचा चष्मा पुसत बसली.