उसनी मावशी

त्या माणसाने शेजारच्या मुलीच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, तेव्हा थांब्यावरचे सगळे एकदम बसची वाट बघू लागले. रस्ता रिकामा होता.

शिवणकाम करणाऱ्या एक बाई थांब्यावर होत्या. त्यांनी गाठोडं काखेत मारलं आणि त्या मुलीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"अगं, किती हाका मारायच्या? कान गहाण टाकलेस का?"

मुलगी बघत राहिली.

(कोण तुम्ही? हे तिने विचारलं नाही.)

त्याने विचारलं.

"मावशी हिची."

"मग नाव सांगा हिचं."

गाठोडं घसरलं. बाईंनी गुडघ्याने सावरलं.

"घरात ढब्बूच म्हणतो आम्ही. कागदावरचं हिच्या आईला ठाऊक."

"मावशी," काडीसारखी ती मुलगी कशीबशी म्हणाली, "चारचौघांत नको ना ते नाव."

बाकावर पेपर वाचणाऱ्या म्हाताऱ्याला हसू फुटलं. बाईंनी तेवढंच धरलं.

"हसताय काय, काका? सरका जरा. भाचीला बसू दे."

काका सरकले. पेपर खाली आला. आता ते सरळ त्या माणसाकडे बघत होते. त्याने बंद सोडला.

गेला मात्र नाही.

*

दोघी बसमधून उतरल्या, तर मागच्या दाराने तोही उतरला.

"रोज येतो?" बाईंनी विचारलं.

"आमच्या कोपऱ्यापर्यंत."

"घरी सांगितलंस?"

"सांगितलं तर नोकरी जाईल." मुलगी थोडं चालली. "माझी."

*

दार आईने उघडलं. आधी मुलीचा चेहरा पाहिला, मग बाईंचा.

"कोणी मागे लागलं होतं का हिच्या? खरं सांगा हं. हिचे बाबा म्हणतातच, पुरे झालं ते दुकान, घरी बस."

मुलगी खाली वाकून चप्पल काढत होती. एका चपलेला फार वेळ लागत होता.

(हो. हेही कोणी म्हणालं नाही.)

"छे हो. मीच रस्ता चुकले. हे अभ्रे पोचवायचेत. हिने सोबत केली. गुणाची आहे पोर."

आईचा चेहरा सैलावला. "मग पाणी तरी घ्या."

"नको. अंधार पडेल."

"तेही खरंच. नवख्या माणसाला या गल्ल्या कळत नाहीत." आई मुलीकडे वळली. "जा गं, कोपऱ्यापर्यंत सोडून ये यांना."

"नको, नको," बाई घाईने म्हणाल्या. "कळली मला वाट."

त्या पायऱ्या उतरू लागल्या. गाठोडं त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं.

मुलीने चप्पल पुन्हा पायात सरकवली.