सरासरी बाईचे हात

आमच्या जिल्ह्याची सरासरी बाई कार्यालयात आली तेव्हा दाराशी मीच होते, म्हणून तिला पाणीही मीच दिलं. तिला पेला धरता आला नाही. तिला हात नव्हते. पोलक्याच्या बाह्या होत्या, बाह्यांच्या खाली काही नव्हतं. मी पेला तिच्या ओठांना लावला. पाणी पिऊन झाल्यावर "बरं वाटलं," असं म्हणून ती खिडकीजवळच्या बाकावर बसली.

अमरावतीतलं आमचं सांख्यिकी कार्यालय तेव्हा एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या माडीवर होतं. कापूस जाऊन वर्षं लोटली होती, तरी फळ्यांच्या फटींतून सरकीचा वास यायचा. दुपारी ऊन फिरलं की तो वास वाढायचा आणि आकडेमोडीच्या यंत्राची मूठ फिरवता फिरवता ढोमणे साहेबांना डुलकी लागायची. मला नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. तो वास पुन्हा मिळावा म्हणून मी आजही काहीही देईन.

ढोमणे साहेब आमच्या कार्यालयाचे प्रमुख. त्यांनी चष्मा पुसला, बाईभोवती एक फेरी मारली आणि तिला आमच्या तक्त्यांशी ताडून पाहिलं. उंची जमली. वय जमलं. शिक्षण साडेतीन इयत्ता होतं, त्यामुळे भिंतीवरची पाटी ती निम्मी वाचून थांबत होती.

"आणि हात, साहेब?" मी विचारलं.

"आपल्या तक्त्यात बायका काम करत नाहीत, मोहोड बाई. काही थोड्या करतात, पण भागाकारात त्यांचं काही उरत नाही. काम नाही तर हात कुठून येणार?"

थंडीत दिवस लहान होतो, हे सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं.

त्याच थंडीत दिल्लीला देशाच्या आराखड्याची बैठक होती. नळ कुठं न्यायचे, पाळणाघरं कुठं काढायची, दळणाच्या गिरण्या आणि बिनधुराच्या चुली कुणाला द्यायच्या, हे तिथं ठरणार होतं. प्रत्येक जिल्ह्यानं आपली बाई घेऊन यायचं होतं. जिला हात नाहीत तिच्या हाती काही देता येत नाही, हे तर सगळ्यांनाच माहीत होतं.

"मी गावांत जाऊन पुन्हा विचारून येते," मी म्हटलं.

"विचारा," साहेब म्हणाले. "पण आपल्या मनाला येईल ते लिहू नका. आहे तेच लिहा."

पहिल्या गावात वेशीवरच एक बाई भेटली. डोक्यावर तुराट्यांचा भारा, कडेवर लेकरू.

"काम काय करता?" मी विचारलं.

"कायचं काम जी? घरीच राहतो."

"मग हा भारा?"

"हे त चुलीसाठी हाय," ती म्हणाली आणि माझी कीव येऊन हसली.

पुढच्या गावापासून मी काम हा शब्दच सोडून दिला. सकाळी उठल्यावर काय करता, एवढंच विचारायचे. मग काय करता? मग? बाया सांगायला लागल्या की आधी लाजायच्या, मग आठवून आठवून सांगायच्या, आणि मध्येच एखादी गप्प व्हायची. आपण एवढं करतो हे तिनं स्वतःच पहिल्यांदा ऐकलेलं असायचं.

संध्याकाळी परत आले तर बाकावरच्या बाईला एक अंगठा आला होता. कोपर नाही, मनगट नाही, बाहीच्या टोकाशी नुसता अंगठा. त्याच्यावर कापसाच्या बोंडांचे ओरखडे होते. ती तो हलवून बघत होती.

त्यानंतर रोज काही ना काही येत गेलं. शेणानं पिवळी पडलेली नखं आली. दोरखंडानं घट्टे पडलेला तळवा आला. पंजे आधी आणि कोपरं नंतर आली, त्यामुळे काही दिवस तिचे हात तिच्यापासून जरा अंतरावर असायचे. हात आले तसे ते रिकामे राहीनात. ती आमच्या टेबलांवरची धूळ पुसायची, साहेबांचा गळपट्टा घडी घालून ठेवायची. दुपारी मला पुढ्यात बसवून माझे केस विंचरायची आणि वेणी घालायची. तिच्या बोटांना भाकरीच्या पिठाचा वास होता. खाली गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत जायचं, यंत्राची मूठ करकरायची आणि मला वाटायचं, हा आराखडा आणखी काही वर्षं लांबला तर किती बरं होईल.

आई दर्यापूरला होती आणि दर्यापूर आमच्याच जिल्ह्यात, तेव्हा तिलाही विचारायला हवं होतं. मी गेले तेव्हा ती अंगणात मूगवड्या घालत होती.

"सकाळी उठल्यावर काय करतेस, आई?"

"मी कायले काही करतो वं? मास्तर तुहे बाबा. काम त्यांचं. मी घरीच राहतो."

"उठल्यावर काय करतेस, तेवढंच सांग."

ती वड्या घालता घालता सांगायला लागली. सडा, पाणी, चूल, बाबांचा डबा, आजीचं पथ्य, शेजारच्या बाळंतिणीचं न्हाणं. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं, भिंतीवरून कौलांवर गेलं आणि तिथंच थांबून राहिलं. आई दुपारपर्यंतसुद्धा पोचली नव्हती. बाबा दारात येऊन उभे राहिले. चपला पायांतच होत्या.

"हे सगळं आजचं?" त्यांनी विचारलं.

"आजचंच," आई म्हणाली. "अजून सकाळच चालू हाय."

बाबा खाली बसले. मूगवड्यांच्या ताटाची एक बाजू त्यांनी धरली. मग आई पुढं सांगू शकली आणि ऊन उतरलं. निघताना तिनं मला सुपलीभर वड्या बांधून दिल्या. आईचा असा आवाज मला आधी माहीत नव्हता, नंतरही फार थोडा मिळाला. ती फार वर्षं राहिली नाही, हे मला पत्रानंच कळलं.

दुसऱ्या दिवशी सरासरी बाईच्या उजव्या मनगटावर तव्याचा चटका होता. आईच्या मनगटावर होता, अगदी तिथंच.

आता हात पुरे झाले होते. अडचण दिवसाची होती. ढोमणे साहेबांनी तिचा दिवस जोडून पाहिला, पुन्हा जोडला. तो घड्याळापेक्षा लांब येत होता. ती भाकरी थापताना पायानं पाळणा हलवत होती, वाटेनं पाणी आणताना गुरंही हाकत होती.

"जास्तीचं आहे ते कापावं लागेल," साहेब म्हणाले. "एवढा दिवस कुठं मावणार?"

"काय कापू, साहेब? पाळणा कापू?"

ते यंत्राच्या मुठीवर हात ठेवून बसले. समोर ती बाई त्यांच्या सदऱ्याचं बटण लावत होती. ती दोरा दातानं तोडायची तशीच साहेबांची बायको तोडत असावी, कारण ते बराच वेळ तिकडंच बघत राहिले.

"राहू द्या सगळं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कार्यालय दोन खण लांब झालं होतं. खिडकीही एक जास्तीची आली होती. चहावाल्यानं कुरकुर केली आणि नंतर तो किटली मोठी आणू लागला.

दिल्लीला आम्ही तिघं गेलो. बैठकीच्या दालनाबाहेर देशभरच्या जिल्ह्यांच्या बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. बहुतेकींच्या बाह्या रिकाम्या होत्या. एकीला फक्त करंगळी होती आणि ती तिनं पदराखाली जपून ठेवली होती. आमची बाई त्यांच्यातून पुढं गेली तेव्हा सगळ्या तिच्या हातांकडं बघत राहिल्या.

"आत एकच जाईल," दारावरचे अधिकारी म्हणाले. "देशाची."

"म्हणजे कोण?" मी विचारलं.

"सगळ्यांची बेरीज करून भागायचं."

बाया उठल्या आणि एकीत एक मिसळत गेल्या. आवाज काही झाला नाही, फक्त बांगड्यांची थोडी किणकिण झाली. आमची बाई मिसळण्याआधी वळली आणि माझी सैल झालेली वेणी घट्ट करून गेली. मग भिंतीशी एकटीच बाई उरली. तिला हात होते, पण ते काचेसारखे होते. त्यांच्यातून पलीकडच्या भिंतीचा रंग दिसत होता. मी तिचं उजवं मनगट हातात घेऊन उजेडाकडं धरलं. चटका केसाहून बारीक झाला होता. तो आहे असं मला वाटलं. ढोमणे साहेबांनीही वाकून पाहिलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "मोहोड बाई, तुम्ही आत जा तिच्याबरोबर. मी इथंच बसतो."

आत एक टेबल होतं. पलीकडच्या टोकाला अध्यक्ष होते, दोन्ही बाजूंना अधिकारी. मला बाईच्या मागं स्टूल दिलं आणि मी बोलायचं नाही असं सांगितलं.

अध्यक्ष चांगले गृहस्थ होते. त्यांनी आधी बाईला चहा द्यायला लावला. मग विचारलं, "आपण काम काय करता?"

बाई म्हणाली, "काही नाही. घरीच असते."

कपाभोवतीचे तिचे हात आणखी विरळ झाले. कप टेबलावर टेकला. लेखनिकानं पेन उचललं.

मी स्टुलावरून उठले. "उठल्यावर काय करतेस, तेवढंच सांग," मी तिच्या कानाशी म्हटलं. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. अध्यक्षांनी भुवया उंचावल्या, पण मला बाहेर जायला कुणी सांगितलं नाही.

बाई बोलू लागली. तिची भाषा नेमकी कुठली ते कळत नव्हतं आणि प्रत्येकाला ती आपल्या घरातली वाटत होती. तिनं दार उघडलं. तिनं राख काढली. तिनं घागर उचलली तेव्हा टेबल एका खुर्चीएवढं वाढलं. तिनं पाण्याची वाट धरली आणि अधिकारी आपापल्या खुर्च्यांसकट मागं सरकू लागले. भिंती सरकल्या. त्यांच्यात खिडक्या आल्या आणि खिडक्यांतून शेतं.

तेव्हापासून आम्ही इथंच आहोत. बाई अजून दुपारपर्यंत पोचलेली नाही. तिच्या घशाला कोरड पडली की मी पाणी देते आणि पेला आता ती स्वतः धरते. टेबलाचं पलीकडचं टोक क्षितिजाला लागलं आहे. तिथं अध्यक्ष तिळाएवढे दिसतात. मघापासून त्यांनी हात वर केला आहे. थांबा म्हणतात की सांगत राहा म्हणतात, ते इथून कळत नाही.