थेंबगाडीवर जळणारा रंधा

मित्रांनो, मी एक जुना रंधा आहे आणि गेलं वर्षभर माझा नुसता जळफळाट झाला आहे. रंधा म्हणजे लाकूड तासून गुळगुळीत करायचं सुताराचं हत्यार. मी कुणावर जळलो ते ऐकाल तर हसाल. जिच्यावर जळलो ती अजून जन्मालाही आलेली नाही. पण आधी माझं घराणं ऐका, म्हणजे माझं दुखणं तुम्हाला समजेल.

मी पिशोरचा. सखाराम सुतारांनी बाभळीच्या लाकडातून माझं अंग घडवलं. माझं पातं मात्र बाजारातलं नाही. गंगापूरच्या रस्त्यावर माणसं कोंबून धावणाऱ्या एका जीपचा चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटला होता. त्या पोलादाचा तुकडा सखारामांनी लोहाराकडून ठोकून घेतला, त्याला धार दिली आणि माझ्या पोटात बसवून वर पाचर मारली. लाकूड पिशोरचं आणि पोलाद प्रवासातलं. त्यामुळे मी जन्मापासूनच जरा तोऱ्यात असतो.

कामाचे ते दिवस मोठे छान होते. दारं, खिडक्या, बैलांची जुवं, पाळणे असं सगळं माझ्याखालून गेलं. मी सरसर धावायचो आणि लाकडाची पातळ, कुरळी साल सखारामांच्या पायाशी पडायची. "सखारामच्या रंध्याखालचं लाकूड हाय, काय बघायचंच नाय," असं गाव म्हणायचं. मला ते फार आवडायचं.

सखारामांचे एक मित्र होते, मुंजाबा. ते मेंढपाळ. दिवाळी झाली की ते आणि त्यांची बायको बानाबाई मेंढ्या घेऊन गंगापूरकडे गोदावरीच्या काठाला उतरत आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येत. जाताना सखारामांच्या रानात दोन दिवस मेंढ्या बसवत, म्हणजे शेताला खत मिळे. त्यांच्या मुलाला, भारतला, शाळेसाठी सखारामांच्या घरी ठेवत. आईवडील वाटेला लागले की भारत रडायचा नाही, बोलायचाही नाही. तेव्हा सखारामांनी मला त्याच्या हातात दिलं. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत आम्ही दोघं मिळून लाकडाचे तुकडे तासत बसायचो. पुढे त्याला शहरात कंपनीत नोकरी लागली, तेव्हा सखारामांनी मला त्याच्या पिशवीत घातलं.

भारत वाळूजकडच्या एका वसाहतीत घर बांधून राहिला. आठवडाभर कंपनीत लोखंडाचे भाग आणि रविवारी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाकूड, असा त्याचा क्रम होता. लाकूड हा त्याचा छंद होता, पोटाचा धंदा नव्हे. आम्ही बायकोसाठी, म्हणजे रूपासाठी, फडताळ केलं. शेजाऱ्यांना पाट करून दिले. लोक हात फिरवून म्हणायचे, "मशीननं केलंय का हो?" भारत मला उचलून दाखवायचा. मित्रांनो, असं कौतुक वर्षानुवर्षं ऐकलं की ते आपल्याला मिळायलाच हवं असं वाटू लागतं.

मग ती आली. म्हणजे आली नाही, भारतच्या मोबाइलमध्ये दिसली. मोटारीच्या मागे जोडायची दोन चाकांची लाकडी झोपायची खोली, पुढून गोल, मागे निमुळती, आडव्या पडलेल्या पाण्याच्या थेंबासारखी. भारतने तिला थेंबगाडी नाव दिलं. आत दोघांना झोपायला गादी, मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाची जागा. परदेशातले लोक अशा गाड्या घरी बांधतात म्हणे. भारत तिच्या चित्रांकडे ज्या नजरेने बघायचा, तशी नजर त्याने माझ्याकडे कधी टाकली नव्हती.

तिच्यामागे कारण होतं, ते मी सांगितलं पाहिजे. मुंजाबांचे गुडघे गेले होते. मेंढ्या विकून ते आणि बानाबाई तीन वर्षांपासून भारतकडे राहत होते. ज्या माणसाने आयुष्य चालण्यात घालवलं तो आता दिवसभर फाटकाशी खुर्ची टाकून रस्ता बघत बसायचा. भारतने ठरवलं की यंदा दिवाळीनंतर वडिलांना थेंबगाडीतून त्यांच्या जुन्या वाटेने गंगापूरपर्यंत न्यायचं, जिथे जिथे मेंढ्यांचा वाडा, म्हणजे तळ, पडायचा तिथे मुक्काम करायचा. ती वाट भारतने एकदाही पाहिली नव्हती. वडिलांची दृष्टीही आता अधू होत होती, म्हणून त्याला घाई होती.

हे सगळं मला कळत होतं. तरी मी जळलो. त्याने क्रांती चौकातून थेंबगाडीचा आराखडा टेबलाएवढ्या कागदावर छापून आणला आणि तो कागद गुंडाळला जाऊ नये म्हणून कोपऱ्यावर काय ठेवलं असेल? मला! ज्याने पिशोरची निम्मी दारं तासली त्याला तिच्या कागदावरचं वजन केलं. वर्षभर मी तिच्या उरावर बसून तिचाच नकाशा बघत होतो. पावसाळ्याच्या ओलीने माझ्या पात्यावर गंज चढला. भारत रोज कागद सरळ करायला मला हलवायचा, पण उलटं करून एकदाही बघायचा नाही. त्यात नवं घासायचं मशीन आलं, प्लायवूडचे तक्ते आले. त्यांच्यावर प्लास्टिक पांघरलेलं असायचं आणि मी मात्र उघडा पडलेला असायचो.

खंडेनवमीला तर कहर झाला. त्या दिवशी हत्यारं पुजतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. दरवर्षी पाटावर मधोमध माझी जागा. यंदा भारतने मध्ये थेंबगाडीचा पुठ्ठ्याचा नमुना ठेवला आणि मला कडेला, पक्कडीच्या शेजारी! बानाबाईंनी हळदकुंकू त्या नमुन्यापासून सुरू केलं. माझ्यापर्यंत येईतो चिमटीत कुंकू उरलं नव्हतं. मी मनातल्या मनात म्हणालो, ही गाडी होऊच नये. मित्रांनो, मी अगदी हेच म्हणालो. आज लपवून काय करू?

पुढच्या रविवारी भारतने गच्चीवर खडूने थेंबगाडी खऱ्या आकाराची आखली. मला कागदासकट वर नेलं होतं, म्हणून मी सगळं पाहिलं. त्याने वडिलांना वर आणलं आणि म्हणाला, "आबा, या आखलेल्यात जरा आडवे व्हा. गादीचं माप घेतो." मुंजाबा गुडघ्यावर हात ठेवून खाली बसायला लागले. तोच जिन्यातून बानाबाई ओरडल्या.

"आरं, डोकं फिरलं का तुझं? जित्या माणसाचं आडवं माप घेत्यात व्हय? आडवं माप गेलेल्याचं घेत्यात, तिरडी बांधायला!"

भारतच्या हातातला टेप गळून पडला. कंपनीत सुताचा दहावा भाग मोजणारा माणूस, पण हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याने वडिलांना भिंतीशी उभं करून माप घेतलं आणि बानाबाईंनी पुटपुटत त्यांच्यावरून मीठ ओवाळून टाकलं.

पण खरा घोटाळा संध्याकाळी झाला. ऊन उतरल्यावर मुंजाबा आपणहून घोंगडी आणि काठी घेऊन गच्चीवर आले. भारतला वाटलं, आबांना गाडीत झोपून बघायचं आहे. मुंजाबांनी घोंगडी पसरली ती खडूच्या रेषेबाहेर. काठी उशाला घेतली आणि आकाशाकडे तोंड करून ते पडून राहिले.

"आबा, आत झोपा की," भारत म्हणाला.

"आतून मेंढरं दिसायची नायत."

"मेंढ्या विकून तीन वर्षं झाली, आबा."

"मला ठाव हाय," मुंजाबा शांतपणे म्हणाले. "पर झाकलेल्या जागंत मला झोप येत नाय. मी घरात बी जागाच असतो, तुला सांगितलं नाय एवढंच. तू लई मन लावून गाडी करतोस, म्हणून गप होतो."

भारत मला आणि कागदाला घेऊन खाली शेडमध्ये आला. कागदाची सुरळी करून ती माळ्यावर टाकली आणि रूपाला म्हणाला, "राहू दे. ज्यांच्यासाठी करत होतो त्यांनाच नको." सर्जेराव नावाचे ओळखीचे ठेकेदार पुढच्या रविवारी येऊन प्लायवूड नेणार असं ठरलं.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! वैरीण माळ्यावर गेली. आता भारत मला उचलेल, गंज काढेल, पुन्हा रविवार आमचे होतील. सोमवारी मी वाट बघितली, मंगळवारीही बघितली. भारत शेडमध्ये फिरकलाच नाही. गुरुवारी आला तो दारातूनच फोनवर बोलत, "सर्जेराव, हत्यारं पण घेऊन जा सगळी. आता हौस संपली." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. थेंबगाडी गेली म्हणून मी परत येणार नव्हतो. तिच्यासोबत माझा भारतच निघून गेला होता.

शनिवारी दुपारी शेडचं दार करकरलं. मुंजाबा होते. सिमेंटच्या रस्त्यावर टेकून टेकून त्यांच्या काठीचं टोक चिरलं होतं. तासायला काहीतरी शोधत त्यांचा हात टेबलावरून फिरला आणि माझ्यावर थांबला. त्यांनी मला डोळ्यांजवळ नेलं, अंगठ्याने पातं चाचपलं. मग पाचर ठोकून पातं काढलं, दगडावर पाणी टाकलं आणि धार लावायला बसले. लोकर कातरायच्या कातरीला आयुष्यभर धार लावलेले ते हात होते. गंज काळा होऊन वाहू लागला. किती दिवसांनी कुणीतरी मला स्वच्छ करत होतं. मला रडू फुटलं असतं, पण आम्हाला ती सोय नाही.

कंपनीतून आलेला भारत दारात उभा होता.

"हा सखारामचा नव्हं का?" मुंजाबा मान वर न करता म्हणाले. "असा गंजू देत्यात व्हय रं?"

"द्या आबा, काठी मी तासून देतो."

"देशील. आधी मला सांग, त्या गाडीत तू कुठं झोपणार हुतास?"

"मी बाहेर. आतली जागा तुमची अन् मायची."

मुंजाबांचा हात दगडावर थांबला. "म्हंजी उलटंच केलंस की रं. आम्ही वाटंला लागायचो तवा रोज दिवेलागणीला तुझी माय म्हणायची, भारत आत्ता जेवला आसंल, आत्ता झोपला आसंल. मला मेंढरं मोजायची आसायची, मी काय बोलायचो नाय. दुसऱ्याच्या रानात मेंढरांची राखण केली अन् पोर दुसऱ्याच्या घरात ठिवलं. गाडी कर तू. तू अन् तुझी माय आत झोपा. मी दारात घोंगडी टाकतो. एकदा तरी तुझी राखण करू दे मला."

भारतने तोंड भिंतीकडे केलं आणि बराच वेळ एकाच खिळ्यावर टांगलेली करवत सरळ करत राहिला. मग माळ्यावर चढला आणि सुरळी खाली घेऊन आला. सर्जेरावांना फोन करून येऊ नका म्हणाला.

आराखडा बदलला आहे. मागच्या झाकणाखाली स्वयंपाकाच्या जागी आता एक सरकती फळी आहे. ती बाहेर ओढली की आकाशाखाली एका माणसाची वसरी होते, काठीसकट. दिवाळी आता जवळ आली आहे आणि गाडी वेळेत होईल की नाही, कुणी सांगू शकत नाही. पण टपाच्या आडव्या पट्ट्या त्या गोलाईत बसवण्याचं काम आलं तेव्हा नवं मशीन लाकूड फार खात होतं. भारतने ते बंद केलं आणि मला उचललं. पहिलीच साल अशी लांब, कुरळी निघाली की फाटकाशी बसलेल्या मुंजाबांनी आवाजावरूनच मान डोलावली. माझा राग गेला का? सगळा नाही. तिला चाकं मिळणार आणि मला शेडचा कोपरा, हे मनात सलत होतंच.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं जुनं हत्यार असेल तर त्याला कागदावरचं वजन करू नका. पावसाळ्यात कोरडं पुसा, तेलाचं बोट फिरवा आणि वर्षातून एकदा तरी उलटं करून बघा. आणि मनात जळणाऱ्यांनो, दुसऱ्याचं मोडावं म्हणून देव पाण्यात ठेवू नका. माझं मागणं खरं व्हायला आलं होतं, म्हणून सांगतो.

काल भारतने आराखड्यात गादीच्या कडेला एक छोटा कप्पा काढला. "आबांची काठी वाटेत चिरली तर रंधा लागेल," असं म्हणत त्याने मला टेबलावर आडवं ठेवलं आणि टेप लावला. बानाबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या दारातच थांबल्या.

"उभं धरून घे की रं माप," त्या म्हणाल्या. "जितं हाय ते."

भारत हसला नाही. त्याने मला उचलून उभं धरलं आणि माझं माप घेतलं.